असमान भूमीतील क्षारांची वाट : वसईच्या भूजलाचे गणित

वसईच्या जमिनीची घडण

वसईत समुद्रकिनाऱ्यापासून तुंगारेश्वरच्या डोंगरापर्यंत जाताना जमिनीखालचे थर अनेकदा बदलतात. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव या किनारी गावांखाली रेती आणि शिंपल्यांचा चुरा आहे. कोकण किनाऱ्यावर हीच रेती काही ठिकाणी चुन्याने सांधली जाऊन कठीण झालेली आढळते. त्या दगडाला करळ म्हणतात. किनाऱ्यापासून थोडे आत निर्मळ, गास, सांडोर, गिरीज या भागांत रेतीमिश्रित गाळ आहे आणि केळीच्या, फुलांच्या, पानवेलींच्या वाड्या त्याच गाळावर वाढल्या. दक्षिणेला वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणेचे मुख. या दोन्हींच्या काठाने चिखल, खाजणे आणि मिठागरे पसरलेली आहेत. सोपारा हे प्राचीन काळी मोठे बंदर होते. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले, तेव्हा बंदराच्या जागी केवळ गाळाने भरत आलेली खाडी उरली होती. जुन्या खाडीच्या पात्रात साचलेला हा चिकण गाळ आजूबाजूच्या रेतीहून शेकडो पटींनी कमी पाणी वाहू देतो.

लोहमार्गाच्या पूर्वेस गोखिवरे, वालीव, सातिवली, पेल्हार, कामण या बाजूला दख्खनचा बेसाल्ट वर येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यातून हा खडक बनला. प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे छिद्राळ असतो. मधला भाग घट्ट काळा पाषाण असून त्यात थंड होताना पडलेल्या भेगा असतात. दोन थरांमध्ये काही ठिकाणी भाजलेल्या लाल मातीचा पातळ पट्टा येतो. सर्वांत वर झीज होऊन तयार झालेला मुरूम असतो. शिवाय कोकणच्या या पट्ट्यात उभ्या भेगांतून वर येऊन गोठलेल्या खडकाच्या भिंती, म्हणजे डाइक, आहेत. एखादी डाइक पाणी अडवते, तर एखादीच्या कडेच्या तडकलेल्या खडकातून पाणी सहज वाहते.

या सगळ्या थरांना भूजलशास्त्रात सच्छिद्र माध्यम म्हणतात. त्यांच्यातील पाण्यात मीठ, नायट्रेट किंवा कारखान्याचे रसायन विरघळले, तर ते कोठे, किती वेळात आणि किती तीव्रतेने पोहोचेल, हे गणिताने सांगण्याला क्षारवहनाचे प्रतिमान म्हणतात. माध्यम सर्वत्र सारखे असते तर हा प्रश्न बराच सोपा झाला असता. वसईची जमीन सारखी नाही, आणि अवघड भाग तेथूनच सुरू होतो.

पाणी किती वेगाने जाते

या शास्त्राचा पाया १८५६ मध्ये फ्रान्समधील दिजाँ शहरात घातला गेला. शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहणारे अभियंते आंरी दार्सी यांनी रेतीने भरलेल्या उभ्या नळातून पाणी सोडून मोजमापे घेतली. एकक क्षेत्रफळातून जाणारे पाणी हे पातळीच्या उताराच्या प्रमाणात असते, असा नियम त्यांना मिळाला. त्या प्रमाणाच्या गुणकाला जलवाहकता म्हणतात. जाड रेतीत ती दिवसाला दहा-वीस मीटर किंवा त्याहून अधिक असते, तर चिकणमातीत मिलिमीटरच्याही अंशात जाते. निसर्गात माणसाला भेटणाऱ्या भौतिक गुणधर्मांपैकी इतक्या मोठ्या पल्ल्यात बदलणारे गुणधर्म थोडेच आहेत.

दार्सीचा नियम पाण्याचे प्रमाण सांगतो. विरघळलेल्या क्षाराचा वेग काढण्यासाठी त्या प्रमाणाला सच्छिद्रतेने भागावे लागते, कारण पाणी फक्त छिद्रांतूनच जाते. एक उदाहरण घेऊ. रेतीची जलवाहकता दिवसाला १० मीटर, पातळीचा उतार हजार मीटरला १ मीटर आणि सच्छिद्रता २५ टक्के धरली, तर पाण्याचा खरा वेग दिवसाला ४ सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे १५ मीटर येतो. आता भेगाळ बेसाल्ट पाहू. जलवाहकता दिवसाला १ मीटर, उतार हजारला ५ मीटर, पण पाणी वाहून नेणारी सच्छिद्रता फक्त १ टक्का. येथे पाणी रेतीच्या निम्मे वाहते, पण वेग दिवसाला अर्धा मीटर, म्हणजे वर्षाला १८० मीटरांहून अधिक होतो. विहिरीला पाणी कमी देणारा खडक प्रदूषण मात्र लवकर पोहोचवू शकतो. पूर्वेकडील कारखान्यांच्या किंवा कचराभूमीच्या आसपासच्या विंधण विहिरींचा विचार करताना हा फरक पहिल्यांदा लक्षात घ्यावा लागतो.

भेगेच्या रुंदीचा परिणाम तर आणखी तीव्र आहे. समांतर भिंतींच्या भेगेतील प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. भेग दुप्पट रुंद झाली की पाणी आठपट आणि वेग चौपट. त्यामुळे शंभर भेगांच्या खडकात दोन-तीन रुंद भेगाच बहुतेक पाणी वाहून नेतात, आणि त्या नेमक्या कोठे आहेत हे जमिनीवरून दिसत नाही.

वाहणे, विसरणे, पांगणे

विरघळलेला पदार्थ तीन प्रकारे पुढे सरकतो. पहिला प्रकार वहनाचा : पाणी जाईल तिकडे क्षार जातो. दुसरा विसरणाचा : पाणी स्थिर असले तरी क्षाराचे रेणू दाट भागातून विरळ भागाकडे पसरतात. अडोल्फ फिक या शरीरशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये याचा नियम मांडला. विसरणाची गती फार मंद असते. ओल्या गाळात क्लोराइडचा विसरण गुणांक सेकंदाला चौरस मीटरच्या एक अब्जांश भागाएवढा धरला, तर १० सेंटिमीटर जाडीचा थर पार करायला सुमारे चार महिने लागतात. अंतर दहापट, म्हणजे एक मीटर झाले की वेळ शंभरपट होतो आणि तीस वर्षांवर जातो. म्हणून मोठ्या अंतरावर विसरण नगण्य वाटते. छोट्या अंतरावर, छिद्र आणि त्याच्या शेजारची चिकणमाती यांच्यामध्ये, तेच निर्णायक ठरते.

तिसरा प्रकार यांत्रिक अपस्करणाचा, म्हणजे पांगण्याचा. विरार लोकलमधून एकाच वेळी उतरलेले प्रवासी जसे वेगवेगळ्या वाटांनी आणि चालींनी जाऊन वेगवेगळ्या वेळी घरी पोहोचतात, तसे एका ठिकाणी सोडलेले क्षाराचे कण रुंद आणि अरुंद छिद्रांतून, सरळ आणि वळणाच्या वाटांनी जाऊन पुढे-मागे होतात. नळीतील प्रवाहात वेगातील फरक आणि विसरण मिळून पदार्थ कसा पांगतो, हे केंब्रिजच्या जेफ्री टेलर यांनी १९५३ मध्ये दाखवले. पुढच्या दशकात हा विचार सच्छिद्र माध्यमांसाठी वापरला गेला आणि वहन व अपस्करण यांचे एकत्र समीकरण रूढ झाले. जागोजागचे क्षाराचे प्रमाण काळानुसार कसे बदलते, ते हे समीकरण सांगते : आत आलेला क्षार, बाहेर गेलेला क्षार, पांगलेला क्षार आणि मातीने धरलेला किंवा रासायनिक क्रियेने नष्ट झालेला क्षार यांचा तो जमाखर्च असतो.

पांगण्याचे माप म्हणजे अपस्करणाची लांबी. प्रयोगशाळेतील रेतीच्या नळात ही लांबी मिलिमीटर ते सेंटिमीटरच्या घरात येते. प्रत्यक्ष भूमीवर शेकडो मीटरांच्या अंतरावर मोजली, तर तीच लांबी मीटर किंवा दहा मीटरांवर जाते. लिन गेल्हार आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये जगातील ५९ ठिकाणांच्या मोजमापांचा आढावा घेतला, तेव्हा अंतर वाढते तशी ही लांबी वाढत असल्याचे स्पष्ट झाले. माध्यमाच्या गुणधर्माचे माप ते माध्यम किती अंतरावरून पाहिले यावर अवलंबून असेल, तर तो गुणधर्म माध्यमाचा राहत नाही. तो माध्यमातील असमानतेचा माग असतो.

सरासरी कोठे फसते

असमानतेचा परिणाम एका छोट्या हिशेबात दिसतो. समजा, किनाऱ्याजवळच्या एका वाडीखाली १० मीटर जाडीचा जलधर, म्हणजे पाणी धरणारा आणि वाहू देणारा थर, आहे. त्यातील ९ मीटर बारीक रेती असून तिची जलवाहकता दिवसाला ५ मीटर आहे. मध्ये १ मीटर जाडीचा शिंपल्यांच्या चुऱ्याचा थर आहे. त्याची जलवाहकता दिवसाला १०० मीटर. सच्छिद्रता सगळीकडे २५ टक्के आणि उतार हजार मीटरला २ मीटर. विहिरीपासून ४०० मीटरवर २००० मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोराइड असलेले पाणी जमिनीत शिरू लागले. स्थानिक गोड्या पाण्यात क्लोराइड ५० मिलिग्रॅम आहे.

दोन्ही थरांची सरासरी जलवाहकता १४.५ मीटर येते. या सरासरीने हिशेब केला, तर खारे पाणी सुमारे साडेनऊ वर्षांनी विहिरीत यायला हवे. प्रत्यक्षात शिंपल्यांच्या थरातून ते दीड वर्षाच्या आत येते आणि बारीक रेतीतून येण्यास २७ वर्षे लागतात. साडेनऊ वर्षांनी विहिरीत काही विशेष घडतच नाही. एक मीटरचा थर एकूण पाण्यापैकी ६९ टक्के वाहून नेतो, म्हणून तळापर्यंत खुली असलेली विहीर दीड वर्षातच सुमारे १४०० मिलिग्रॅम क्लोराइड दाखवू लागते. भारतीय मानक आयएस १०५००नुसार पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा २५० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर सहन करण्याजोगी मर्यादा १००० मिलिग्रॅम आहे. म्हणजे धोका सरासरीच्या भाकिताआधी आठ वर्षे येतो.

आता उलटा प्रवास. सगळा जलधर खारा झाल्यावर खाऱ्या पाण्याचा स्रोत बंद केला आणि त्याच बाजूने गोडे पाणी येऊ लागले, असे धरू. शिंपल्यांचा थर दीड वर्षात स्वच्छ होतो. विहिरीतील क्लोराइड मोठ्या प्रमाणात उतरते, पण सुमारे ६५० मिलिग्रॅमवर येऊन थांबते, कारण उरलेले ३१ टक्के पाणी बारीक रेतीतून येते आणि ती धुऊन निघायला एकूण २७ वर्षे लागतात. क्षार शिरतो तो सर्वांत वेगवान वाटेने आणि शेवटी बाहेर पडतो तो सर्वांत संथ वाटेने. असमान भूमीतील प्रदूषणाचे सगळे वर्तन या एका गोष्टीतून निघते.

पाणी थरांच्या दिशेने वाहते की थरांना छेदून, यानेही चित्र बदलते. दिवसाला २० मीटर आणि दोन सेंटिमीटर जलवाहकतेचे दोन सारख्या जाडीचे थर घेतले, तर आडव्या दिशेची परिणामी जलवाहकता सुमारे १० मीटर आणि उभ्या दिशेची सुमारे ४ सेंटिमीटर येते. एकाच जमिनीसाठी हा अडीचशेपट फरक आहे. वसईच्या गाळात चिकणमातीचे आडवे पट्टे असतील, तेथे वरून मुरणारे पावसाचे पाणी अडते आणि बाजूने येणारे खाडीचे पाणी मात्र सहज सरकते.

दोन प्रसिद्ध प्रयोग

या विचाराची प्रत्यक्ष भूमीवरील परीक्षा उत्तर अमेरिकेत दोन ठिकाणी झाली. कॅनडातील बॉर्डन येथे ऑगस्ट १९८२ मध्ये क्लोराइड, ब्रोमाइड आणि काही सेंद्रिय रसायने मिसळलेले सुमारे १२ घनमीटर पाणी रेतीच्या जलधरात सोडण्यात आले. हजारो नमुनाबिंदूंवरून जमिनीखाली पसरणाऱ्या त्या मिश्रणाच्या ढगाचा सुमारे तीन वर्षे मागोवा घेतला गेला. तेथील रेती बरीचशी सारखी होती. ढग दिवसाला सुमारे ९ सेंटिमीटर वेगाने सरकला, लांबट होत गेला आणि रूढ समीकरणाने त्याचे वर्णन चांगले जमले. ढग किती पांगेल याचा अंदाज जलवाहकतेतील चढउताराचे सांख्यिकी माप आणि ते चढउतार किती अंतरावर बदलतात ती लांबी, यांच्या गुणाकारावरून करता येतो, हा गेल्हार आणि अ‍ॅक्सनेस यांचा १९८३चा सिद्धान्त अशा सौम्य असमानतेत उपयोगी ठरला.

मिसिसिपी राज्यातील कोलंबस हवाई तळावर १९८६ मध्ये असाच प्रयोग सुरू झाला. तेथील नदीच्या गाळात जाड वाळू, गोटे आणि बारीक माती यांची सरमिसळ होती. जलवाहकतेच्या लॉगरिदमचे प्रचरण बॉर्डनला ०.३च्या आसपास होते. येथे ते ४च्या वर गेले. ब्रोमाइडचा बहुतांश भाग सोडल्या जागेच्या काही मीटरांतच अडकून राहिला, तर त्याचे विरळ टोक दोनशे मीटरांपलीकडे पोहोचले. वीस महिन्यांनंतर मोजणीच्या जाळ्यात सोडलेल्या ब्रोमाइडपैकी निम्म्याहून कमी सापडले. रूढ समीकरण सममित, घंटाकृती ढग दाखवते. येथे मागे उंच शिखर आणि पुढे लांब शेपटी असा आकार दिसला.

वसईची रेती पहिल्या प्रयोगाच्या जवळची आहे. जुन्या खाड्यांच्या कडेचा मिश्र गाळ आणि पूर्वेचा भेगाळ बेसाल्ट दुसऱ्या प्रकारात मोडतात. एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत दोन वेगळी प्रतिमाने लागतात, ती यामुळे.

शेपटीचे गणित

लांब शेपटी समजावण्यासाठी तीन प्रकारची प्रतिमाने प्रचलित आहेत. पहिले दुहेरी सच्छिद्रतेचे. भूमीतील पाण्याचे दोन भाग कल्पिले जातात. एक वाहणारा, दुसरा कोपऱ्यांत, चिकणमातीच्या गोळ्यांत आणि बेसाल्टच्या छिद्राळ गाभ्यात थांबलेला. दोन्हींमध्ये क्षाराची देवाणघेवाण विसरणाने संथपणे होते. १९६४ मध्ये तेलविहिरींच्या अभ्यासातून कोट्स आणि स्मिथ यांनी ही कल्पना मांडली. पुढे ती शेतजमिनीतील क्षार आणि भूजल या दोन्हींसाठी वापरली गेली. बेसाल्टच्या बाबतीत तिला भौतिक अर्थही आहे : भेगेतून जाणारे खारे पाणी भेगेच्या भिंतींत मीठ मुरवते आणि नंतर भेगेत गोडे पाणी आले की त्या भिंती मीठ परत सोडतात.

दुसरा प्रकार यादृच्छिक भ्रमणाचा. त्यात क्षाराचा प्रत्येक कण उड्या घेत जातो आणि दोन उड्यांमधील थांब्याचा काळ संभाव्यतेने ठरतो. फार लांब थांबे पुरेशा वेळा येत असतील, तर शेपटी आपोआप निघते. तिसऱ्या प्रकारात अवकलन समीकरणातच अपूर्णांकी घाताचे अवकलन वापरून दूरवर जाणाऱ्या उड्या बसवल्या जातात. तिन्ही प्रकार मोजमापांशी जुळवता येतात. मात्र दुहेरी सच्छिद्रतेच्या प्रतिमानातील आकडे जमिनीच्या नमुन्याशी ताडून पाहता येतात, म्हणून अभियांत्रिकीत ते अधिक रुळले.

समुद्राचे जड पाणी

किनारपट्टीवर आणखी एक गोष्ट जोडली जाते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असते. त्यामुळे गोडे पाणी त्यावर भिंगाच्या आकारात तरंगते. नेदरलँड्समध्ये बादोन खेइबेन यांनी १८८८-८९च्या सुमारास आणि जर्मनीत हेर्त्सबर्ग यांनी १९०१ मध्ये स्वतंत्रपणे दाखवले की, समुद्रसपाटीवर गोड्या पाण्याची जेवढी उंची असेल, तिच्या सुमारे ४० पट खोलीवर खारे पाणी असते. विहिरीच्या परिसरात पातळी समुद्रसपाटीपेक्षा अर्धा मीटर वर असेल, तर सीमा २० मीटर खोल राहते. उपशाने पातळी फक्त १० सेंटिमीटर उतरली, तर पाणी पुन्हा स्थिरावेपर्यंत ही सीमा ४ मीटर वर येते. जोरदार पंपाखाली तर ती शंकूसारखी उंचावून थेट विहिरीत शिरते.

समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असते. म्हणून गोड्या पाण्यात एक टक्का समुद्राचे पाणी मिसळले की २५० मिलिग्रॅमची मर्यादा जवळपास गाठली जाते आणि पाच टक्के मिसळले की १००० मिलिग्रॅमची. त्यामुळे गोड्या आणि खाऱ्या पाण्याची सीमा कोठे आहे, एवढे कळून पुरत नाही. सीमेवरचा मिश्र पट्टा किती जाड आहे, हे कळावे लागते, आणि ती जाडी अपस्करणावर, म्हणजे पुन्हा असमानतेवर ठरते. उधाणाच्या दिवसांत चार मीटरांहून अधिक चढउतार करणारी भरती-ओहोटी रोज दोनदा या पट्ट्याला पुढेमागे ढकलते आणि रुंद करते. मिठागरांत बाष्पीभवनाने दाट झालेले पाणी समुद्राच्या पाण्याहूनही जड असते. ते वरून खाली उतरते. म्हणून वसईत खारेपणा समुद्राकडून, खाडीकडून आणि जमिनीवरून, असा तिन्ही बाजूंनी येऊ शकतो.

गोड्या पाण्याचे भिंग टिकते ते पुनर्भरणावर. वसईला पावसाळ्यात साधारण दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर एवढ्याच काळात. पश्चिम पट्ट्यातील बावखले, म्हणजे वाड्यांसाठी खणलेली खोलगट तळी, पावसाचे पाणी साठवत आणि उशिरापर्यंत जमिनीत मुरवत. त्याच पाण्यावर पूर्वी रहाटाने वाड्या भिजत. शहर वाढले तशी अनेक बावखले बुजली आणि त्याच काळात विहिरींतून पाणी उपसून टँकरने विकण्याचा व्यवसाय वाढला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीने शेती, झाडे आणि भूजल यांच्या रक्षणाचा प्रश्न एकत्र मांडला. प्रतिमानाच्या भाषेत बावखल बुजणे आणि टँकरचा उपसा या एकाच समीकरणाच्या दोन बाजू आहेत : एकीने भिंगात येणारे पाणी घटते, दुसरीने जाणारे वाढते.

मातीशी होणारी देवाणघेवाण

क्लोराइड मातीशी फारसे गुंतत नाही, म्हणून ते पाण्याच्या वेगाने जाते आणि मागोव्यासाठी सोयीचे ठरते. इतर पदार्थांचे तसे नाही. मातीला चिकटणारा पदार्थ पाण्यामागे रेंगाळतो. माती आणि पाणी यांच्यातील वाटणीचा गुणांक किलोग्रॅमला अर्धा लिटर, मातीची घनता घनसेंटिमीटरला १.६ ग्रॅम आणि सच्छिद्रता २५ टक्के असेल, तर तो पदार्थ पाण्याच्या सुमारे सव्वाचारपट संथ जातो. शौचालयाच्या टाक्यांतून झिरपणारे अमोनियम असे रेंगाळते. हवेशीर मातीत त्याचे नायट्रेट झाले की ते पाण्याबरोबर धावू लागते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून तीत सवलत नाही. प्राणवायू नसलेल्या खाजणाच्या चिखलात जिवाणू हेच नायट्रेट मोडून नायट्रोजन वायू करतात. एकाच गावात रेतीतील विहीर नायट्रेटने खराब आणि चिखलाकाठची त्यापासून मुक्त, असे दृश्य यातून निघू शकते.

समुद्राचे पाणी शिरताना चिकणमाती सोडियम धरते आणि कॅल्शियम सोडते, म्हणून पाणी आधी कठीण (दुष्फेन) होते. गोडे पाणी परत येऊ लागले की हीच क्रिया उलटी होते आणि सोडियम बायकार्बोनेटचे पाणी मिळते. या दोन खुणांवरून एखाद्या विहिरीकडे खारेपणा येत आहे की जात आहे, हे एकाच नमुन्याच्या पृथक्करणातूनही बरेचसे ओळखता येते. प्रतिमान तपासण्याचे हे स्वस्त साधन आहे.

वसईसाठी प्रतिमान कसे बांधावे

संगणकावर भूमीचे चौकोनी खणांत विभाजन करून प्रत्येक खणासाठी वर सांगितलेला जमाखर्च मांडला जातो. अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षणाने १९८४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली मॉडफ्लो ही संगणक प्रणाली प्रवाहासाठी जगभर वापरली जाते. घनतेतील फरक धरणाऱ्या सूत्रा आणि सीवॅट या प्रणालीही उपलब्ध आहेत. साधने सर्वांना खुली आहेत. कस लागतो तो त्यांना दिल्या जाणाऱ्या माहितीत.

पहिली गरज थरांच्या नकाशाची. प्रत्येक नवी विहीर किंवा विंधण विहीर खणताना कोणत्या खोलीवर रेती, शिंपले, चिखल, मुरूम, काळा पाषाण लागला, याची नोंद झाली तर नकाशा वर्षानुवर्षे सुधारत जातो. विद्युतरोध मापनाने विहिरींच्या मधल्या जागा भरता येतात. मात्र खारे पाणी आणि चिकणमाती दोन्ही विजेला कमी रोध करतात, म्हणून ते वाचन विहिरीतील नोंदीशी ताडूनच वापरावे लागते. दुसरी गरज सीमांची : समुद्र, दोन्ही खाड्या, डोंगराकडून येणारे पाणी, पाऊस आणि उपसा. खारभूमीच्या बांधांमुळे आणि उघाड्यांमुळे, म्हणजे बांधातील पाण्याच्या दारांमुळे, भरतीचे पाणी कोठपर्यंत येते, हेही सीमेतच धरावे लागते. यांपैकी उपसा मोजला जात नसेल, तर बाकी सगळी अचूकता वाया जाते.

तिसरी काळजी खणांच्या आकाराची. खण अपस्करणाच्या लांबीच्या दुपटीहून मोठे असतील, तर रूढ गणनपद्धतींत उत्तर हेलकावे खाते, किंवा संगणक स्वतःच खोटे पांगणे निर्माण करतो. पन्नास मीटरच्या खणात एक मीटरचा शिंपल्यांचा थर सामावून त्याची सरासरी झाली, तर दीड वर्षात येणारे खारे पाणी नकाशावर दिसणारच नाही. अशा वेळी शक्य असलेले अनेक नकाशे यादृच्छिकपणे तयार करून शेकडो वेळा प्रतिमान चालवले जाते आणि उत्तर संभाव्यतेत दिले जाते. अमुक उपसा कायम राहिला, तर पाच वर्षांत या विहिरीतील क्लोराइड मर्यादा ओलांडण्याची शक्यता इतकी टक्के, असे ते उत्तर असते. नियोजनाला असे उत्तर एका ठाम तारखेपेक्षा अधिक उपयोगी पडते.

चौथी बाब जुळवणीची. फक्त पाण्याची पातळी जुळवून प्रतिमान सिद्ध होत नाही, कारण वेगवेगळ्या रचनांच्या भूमी सारखीच पातळी दाखवू शकतात. क्षाराचे प्रमाण, तेही वर्षातील वेगवेगळ्या महिन्यांचे आणि वेगवेगळ्या खोलींचे, जुळावे लागते. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये घेतलेला नमुना वेगवान वाटा धुतल्या गेल्याचे सांगतो. संथ थरांतले मीठ एप्रिल-मेमध्ये विहिरीत उतरते. म्हणून वर्षातून एकदाच, पाऊस संपल्यावर घेतलेले मोजमाप जलधराची प्रकृती खरी आहे त्याहून चांगली दाखवते. खोल विहिरीच्या तोंडावर घेतलेला नमुनाही सगळ्या थरांचे मिश्रण असतो. त्यावरून कोणता थर खारा आहे ते कळत नाही. थरागणिक वेगळ्या निरीक्षण नळ्या त्यासाठीच लागतात.

प्रतिमानातून निघणारे निष्कर्ष

या सगळ्या विवेचनातून वसईसारख्या भागासाठी चार गोष्टी ठामपणे निघतात. एक, खारेपणाची पूर्वसूचना वेगवान थरांतून मिळते. म्हणून निरीक्षण विहिरी त्या थरांत आणि समुद्राच्या बाजूला हव्यात. दोन, उपसा थांबवणे आवश्यक असले तरी त्याने विहीर लगेच गोडी होत नाही. संथ थर रिकामे होण्याचा काळ दशकांत मोजावा लागतो, म्हणून बिघडू न देणे हे दुरुस्तीपेक्षा अनेक पटींनी स्वस्त पडते. तीन, एका मोठ्या विहिरीतून खोल उपसा करण्यापेक्षा तेवढेच पाणी अनेक उथळ विहिरींतून आणि बावखलांतून थोडेथोडे काढले, तर खाऱ्या पाण्याचा शंकू कमी उंचावतो. चार, शहराला सूर्या प्रकल्पाच्या धामणी धरणातून, उसगाव आणि पेल्हार येथून जे पाणी मिळते, ते वाढून विहिरींवरचा भार हलका झाला, तरच भिंग पुन्हा जाड होते. त्या काळात बावखले जिवंत असतील, तर पावसाचे पाणी जमिनीत जाण्याची वाट खुली राहते.

महाराष्ट्रात भूजलाचे सर्वेक्षण करणारी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून काही वेळा घेते. त्या नोंदींना खोलीगणिक क्लोराइड आणि विद्युतवाहकता यांची मासिक नोंद जोडली, उपशाचे मापन सक्तीचे केले आणि खणलेल्या प्रत्येक विहिरीची थरनोंद एका ठिकाणी ठेवली, तर वसईच्या भूमीची असमानता गणितात बसवण्याइतकी माहिती काही वर्षांत उभी राहू शकते. प्रतिमानाची अचूकता समीकरणाच्या नावीन्यापेक्षा या नोंदींच्या सातत्यावर अधिक अवलंबून राहील.